त्सावो वेस्ट: आधी दगड बघा, मग प्राणी

केनियाहून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: सिंह दिसला का? त्सावो वेस्ट या तिथल्या राष्ट्रीय उद्यानातून आल्यावर मलाही तोच विचारला गेला. दिसला, पण लांबून, झुडपाच्या सावलीत, दोन कान तेवढे. मला खरं तर बोलायचं होतं तिथल्या दगडाबद्दल. त्या काळ्या, खडबडीत दगडाचं गणित एकदा कळलं की इथे हत्ती कुठे भेटेल, पाणघोडा कुठे असेल आणि मैलोन्मैल काहीच का दिसत नाही, हे सगळं आपोआप उलगडत जातं. तेच इथे सोपं करून सांगतो.

आधी जागा नकाशावर बघून घेऊ. नैरोबीहून मोम्बासाकडे निघालं की साधारण २४० किलोमीटरवर, म्हणजे जवळपास अर्ध्या वाटेवर, म्तितो आंदेई नावाचं गाव लागतं. उद्यानाचं एक मुख्य गेट तिथेच आहे. त्सावो राष्ट्रीय उद्यान १९४८ साली झालं आणि कारभाराच्या सोयीसाठी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले गेले. मधून महामार्ग आणि रेल्वे जाते. दोन्ही भाग मिळून वीस हजार चौरस किलोमीटरहून मोठे, म्हणजे अख्ख्या पुणे जिल्ह्याहून मोठा मुलूख. इथली जुनी रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते. १८९८ साली त्सावो नदीवरच्या पुलाच्या कामावर दोन नरभक्षक सिंहांनी त्यांतल्या अनेकांचे बळी घेतले. त्या दोन्ही सिंहांना आयाळ नव्हती, आणि आजही त्सावोतले बरेच नर विरळ आयाळीचे किंवा बिनआयाळीचे असतात. पूर्व त्सावो बहुतांशी सपाट आहे. पश्चिमेकडे टेकड्या, विझलेल्या ज्वालामुखींची तोंडं आणि गोठलेला लाव्हा आहे.

यातला सगळ्यात ताजा लाव्हा उद्यानाच्या च्युलू गेटपासून थोडा पश्चिमेला, अंबोसेली या दुसऱ्या उद्यानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्याचं नाव शेतानी. हा शब्द आपल्याला परका नाही. अरबीतून तो स्वाहिलीत गेला तसाच आपल्याकडे 'सैतान' होऊन आला. जमिनीतून आग वर येताना पाहणाऱ्यांना तो सैतानच वाटला असणार. हा प्रवाह भूशास्त्राच्या हिशेबात कालचा आहे, फार तर काही शतकांपूर्वीचा. माणसांनी तो वाहताना पाहिला आणि त्याच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. जवळपास आठ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद असा हा काळा पट्टा हिरव्या-पिवळ्या झुडपांत एकदम सुरू होतो. नांगरलेल्या शेताचा बांध दिसावा तशी त्याची कड दिसते.

गाडीतून उतरून त्यावर चार पावलं टाकली की फुटक्या कौलांवरून चालल्यासारखा आवाज येतो. एक तुकडा हातात घ्या. वीटभट्टीतल्या खंगरासारखा दिसतो, पण अपेक्षेपेक्षा हलका लागतो. डोळ्यांजवळ आणला तर आंबोळीला असते तशी जाळी दिसते. लाव्हा वर येताना त्यात वायू विरघळलेला असतो. वरचा दाब कमी झाला की तो वायू बुडबुड्यांनी बाहेर पडायला लागतो आणि तेवढ्यात दगड गोठतो. बुडबुडे जातात, भोकं राहतात. तुकडा पुन्हा होता तिथेच ठेवायचा, कारण उद्यानातून दगडही नेऊ नये. पण ती जाळी लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

या भागात ज्वालामुखी का, हा प्रश्न साहजिक आहे. पूर्व आफ्रिका हळूहळू उभी फाटते आहे. खंडाचा पूर्वेकडचा तुकडा उरलेल्या खंडापासून वर्षाला काही मिलिमीटर, म्हणजे आपली नखं वाढतात त्याहूनही कमी वेगाने, दूर सरकतो आहे. या ताणाने जमिनीचं कवच पातळ होतं आणि खालचा तप्त खडक वर चढताना वितळतो. मुख्य भेग, म्हणजे ग्रेट रिफ्ट व्हॅली, त्सावोच्या बरीच पश्चिमेला आहे. किलिमांजारो आणि च्युलू टेकड्या या तिच्या बाजूला फुटलेल्या वाटा. च्युलूची रांग सुमारे शंभर किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावर शेकडो लहान-लहान शंकू आहेत. वायव्येकडचे शंकू जुने, सुमारे चौदा लाख वर्षांपूर्वीपर्यंतचे, आणि आग्नेयेकडे यावं तसतसे नवे. शेतानी या नव्या टोकाला आहे. उद्यानातलं चाइमू विवरही याच कुळातलं. काळ्या राखेचा आणि खड्यांचा तो एक ढीग आहे आणि त्यावर चढायला परवानगी आहे. चढ अर्ध्या तासाहून जास्त नाही, पण पायाखालचे खडे सरकत राहतात आणि दोन पावलं वर टाकली की एक खाली येतं. सकाळीच चढा. काळा दगड दुपारी तव्यासारखा तापतो.

आता पाण्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

च्युलू टेकड्यांचा माथा २,१०० मीटरहून उंच आहे. ढग अडतात, पाऊस पडतो, माथ्यावर धुक्यातलं जंगलही आहे. इतका पाऊस पडणाऱ्या डोंगरातून नद्या निघायला हव्यात. च्युलूतून कायमची वाहणारी एकही नदी निघत नाही. पडलेलं पाणी त्या जाळीदार दगडात आणि राखेत जिथल्या तिथे मुरतं. चाळणीवर पाणी ओतलं तर ते चाळणीवरून वाहत नाही, खालीच जातं. शंभर किलोमीटर लांबीची चाळण डोळ्यांपुढे आणा.

आपल्याला हे जरा विचित्र वाटतं, कारण आपणही ज्वालामुखीच्या दगडावरच राहतो आणि आपला अनुभव उलटा आहे. सह्याद्री आणि घाटावरचा जवळजवळ सगळा मुलूख हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तरी आपल्याकडे पावसाचं पाणी कातळावरून धो धो वाहतं, धबधबे होतात, नद्या भरतात आणि मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. दगड एकाच जातीचा, मग वागणं वेगळं का? फरक वयाचा आहे, आणि काही अंशी ठेवणीचाही. आपल्याकडचे थर जाडजूड आणि घट्ट आहेत. त्यांच्या जाळीतली भोकं कोट्यवधी वर्षांत खनिजांनी भरून गेली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जे झिओलाइटचे सुंदर स्फटिक ठेवलेत, ते अशाच पोकळ्यांत वाढलेले. दोन थरांच्या मध्ये लाल मातीचे पट्टे दबले आणि वरच्या दगडाची कुजून काळी, चिकण माती झाली, जी भिजली की पाणी खाली जाऊ देत नाही. च्युलूचा दगड अजून कोवळा आहे. भोकं उघडी, भेगा उघड्या, वर मातीचा थर नावापुरता. विहीर खणताना आपल्याकडचा जाणता माणूस 'फत्तर लागला' की मान हलवतो आणि 'मुरूम लागला' की खूश होतो. तेच ज्ञान इथे हजार पटींनी मोठ्या प्रमाणावर लागू पडतं. च्युलू म्हणजे वरपासून खालपर्यंत मुरूमच समजा.

हे मुरलेलं पाणी खालच्या जुन्या, घट्ट खडकापर्यंत पोचतं आणि त्याच्या उतारावरून जमिनीखालूनच सरकत जातं. जवळपास ५० किलोमीटरचा हा प्रवास करायला त्याला पंचवीसेक वर्षं लागत असावीत असा अंदाज आहे. आणि मग ऐन रखरखाटात, काळ्या लाव्ह्याच्या कडेखालून ते भसाभसा वर येतं. त्या जागेचं नाव मझिमा. स्वाहिलीत 'मझिमा' म्हणजे जिवंत, धडधाकट. रोज वीसेक कोटी लिटर, बऱ्याचदा त्याहूनही जास्त पाणी इथून निघतं. ऑलिम्पिकच्या पोहण्याच्या तलावांत मोजलं तर दिवसाला ऐंशी तलाव. मोम्बासा शहराला इथून दोनशे किलोमीटरहून लांब नळ गेला आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या शहरात उघडलेल्या नळात च्युलूचा पाऊस असतो.

मझिमावर गाडीतून उतरून चालता येतं. सोबत बंदूकधारी वनरक्षक असतो. त्याच्यापासून लांब जायचं नाही, कारण पाण्यात मगरी आहेत आणि पाणघोडा दिसतो तितका सुस्त अजिबात नाही. गाडीतळापासून पाच मिनिटांत हवाच बदलते. मागे काटेरी, राखाडी झुडपं राहतात आणि समोर शिंदीसारखी रानखजुरं, राफिया माड आणि पाण्यात मुळं सोडलेले मोठाले उंबरकुळातले वृक्ष येतात. पाणी इतकं नितळ की तळातली वाळू दिसते. इतकी वर्षं दगडातून गाळून आल्यावर गाळ राहणार कुठून?

काठाला पाण्याखाली एक काचेची खोली बांधलेली आहे. पायऱ्या उतरून आत गेलात की डोळ्यांसमोर मासे. मी गेलो तेव्हा पाणघोडा काचेजवळ आला नाही, बहुधा येतही नाहीत. पण मासे पाहून मला वेगळाच आनंद झाला. हे लेबिओ नावाचे मासे, आपल्या रोहूच्याच प्रजातीतले. रोहूसारखंच खाली वळलेलं तोंड. ते पाणघोड्याच्या अंगावरचं शेवाळ आणि मेलेली कातडी खरवडून खातात.

पाणघोडा या सगळ्या साखळीचा पाया आहे. दिवसभर तो पाण्यात डुंबतो आणि रात्री बाहेर पडून चाळीसेक किलो गवत खातो. पहाटे परत पाण्यात येतो आणि त्या गवताचं शेण तळ्यात पडतं. म्हणजे रानातलं खत रोज रात्री पाण्यात आणून टाकायचं काम तो करतो. मझिमाचं पाणी इतकं शुद्ध आहे की त्यात स्वतःचं अन्न फारसं नाही. त्या शेणावर किडे, झिंगे आणि गोगलगाई पोसतात, त्यांच्यावर मासे, माशांवर पाणकावळे, सर्पपक्षी आणि मगरी. पाणघोडे गेले तर पाणी तसंच नितळ राहील, पण बरंचसं रिकामं होईल.

असं होऊ शकतं, हे २००९ च्या दुष्काळात दिसलं. त्या वर्षी मझिमाचा झरा वाहतच होता, कारण तो पंचवीस वर्षांच्या जुन्या पावसावर चालतो. पण आजूबाजूला गवत उरलं नाही. प्यायला पाणी आहे म्हणून आसपासचे सगळे प्राणी इथे गोळा झाले, त्यांनी चालून जाता येईल तिथपर्यंतचं सगळं खाऊन टाकलं, आणि पाणघोडे पाण्यात उभे राहून उपासमारीने मेले. मोजके तेवढे उरले. १९७०-७१ च्या दुष्काळात त्सावोतले हजारो हत्तीही असेच गेले. त्यांतल्या बहुतेकांचा जीव तहानेने नाही, भुकेने गेला, आणि त्यात माद्या आणि पिल्लं जास्त होती, कारण पिल्लांना घेऊन पाण्यापासून फार लांब चरायला जाता येत नाही. दुष्काळ म्हटलं की आपण टँकरचा विचार करतो. जंगलात पाण्याइतकाच चाऱ्याचा हिशेब असतो, आणि पाण्याजवळ गर्दी झाली की चारा आधी संपतो. आपल्याकडे छावण्यांसमोर उभं राहिलेल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागणार नाही.

त्सावोच्या हत्तींवर त्यानंतर शिकाऱ्यांचं संकट आलं. हस्तिदंतासाठी इतकी कत्तल झाली की एके काळी ३५ हजारांच्या घरात असलेली संख्या १९८८ पर्यंत सहा हजारांच्या आसपास आली. पुढे बंदोबस्त वाढला, हस्तिदंताच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आली, आणि आता त्सावोच्या मोठ्या परिसरात पुन्हा सुमारे १५ हजार हत्ती आहेत. काळ्या गेंड्यांचं नुकसान याहून भयंकर होतं. हजारोंच्या संख्येतले गेंडे १९८० च्या दशकाअखेर बोटांवर मोजण्याइतके उरले. त्सावो वेस्टमध्ये न्गुलिया टेकड्यांच्या पायथ्याशी कुंपण घालून त्यांच्यासाठी राखीव जागा केली आणि तिथे त्यांची वाढ झाली. ती जागा दिवसातून ठरावीक वेळच उघडते. गेंडा दिसेलच असं नाही, झुडपं फार दाट आहेत. पण कुंपणाआड तो आहे, हीसुद्धा मोठी गोष्ट आहे.

त्सावोचे हत्ती लाल दिसतात. रंग त्यांचा नाही, मातीचा. इथली जुनी माती लोहामुळे तांबडी आहे, कोकणातल्या वाटेवरच्या धुळीसारखी, आणि हत्ती ती अंगावर उडवून घेतात. पूर्व त्सावोत हा रंग जास्त गडद दिसतो. पश्चिमेकडे कोवळ्या लाव्ह्याच्या भागात माती काळपट आहे, तिथल्या हत्तीचा रंगही मग राखाडीकडे झुकतो. हत्तीच्या पाठीवरून तो सकाळी कुठल्या मातीत होता, याचा साधारण अंदाज बांधता येतो.

झाडांतही ओळखीची माणसं भेटल्यासारखं होतं. वर्षातला बराच काळ बिनपानांची उभी असलेली राखाडी झुडपं कॉमिफोरा कुळातली, म्हणजे आपल्या गुग्गुळाची सख्खी भावंडं. मधूनच दिसणारा अगडबंब बुंध्याचा बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. ती आफ्रिकेतूनच आपल्या किनाऱ्याला आली. तिथे ती आपल्या माहेरी उभी आहे. लाव्ह्याच्या खडकांवर क्लिपस्प्रिंगर नावाचं छोटं हरीण शोधा. ते खुरांच्या अगदी टोकांवर उभं राहतं, त्यामुळे रुपयाएवढी जागाही त्याला पुरते. शेतानीच्या परिसरात आणि चाइमूच्या उतारावर ते दिसू शकतं. सखल भागात जेरेनुक हे लांब मानेचं हरीण मागच्या दोन पायांवर उभं राहून झाडाचा पाला खाताना दिसलं, तर गाडी थांबवा आणि इंजिन बंद करा.

वेळ असेल आणि पूर्व त्सावोतही जाणार असाल, तर क्षितिजावर सरळ पट्टीसारखं दिसणारं याट्टा पठार बघून या. सुमारे तीनशे किलोमीटर लांब आणि अरुंद असं हे पठार म्हणजे एका जुन्या नदीचं पात्र आहे. सव्वा-दीड कोटी वर्षांपूर्वी लाव्हा त्या नदीच्या खोऱ्यातून वाहत गेला आणि तिथेच गोठला. पुढे आजूबाजूची मऊ जमीन पावसाने झिजून खाली गेली, लाव्हा मात्र झिजला नाही. म्हणून जे खोरं होतं ते पठार झालं. गाइड त्याला जगातला सर्वांत लांब लाव्हा प्रवाह म्हणतात. मी मात्र आपल्या दख्खनच्या बाजूने बोलेन. आपल्याकडचा लाव्हा वाहत हजार किलोमीटरवर आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत गेला असावा, असं बऱ्याच भूशास्त्रज्ञांचं मत आहे.

आता जायचं कसं. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास. भारतीयांना निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास परवानगी काढावी लागते. पिवळ्या तापाची लस जाण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रावर घ्या आणि तिचं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. केनियाहून भारतात परतताना ते नसेल तर विलगीकरणात राहायची वेळ येते. त्सावोत मलेरिया आहे, त्यामुळे गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांशी आधीच बोला. उद्यानाचं शुल्क केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या ऑनलाइन व्यवस्थेतून भरायचं असतं, गेटवर रोख घेत नाहीत. २०२० पासून उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकला बंदी आहे, म्हणून स्टीलची बाटली न्या. तळवा जाड असलेले बूट हवेतच. लाव्ह्याने साध्या चपलेचा तळ एका सकाळीत फाटतो.

कोरडे महिने, म्हणजे जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी, प्राणी बघायला बरे. कारण तुम्हाला आता माहीत आहे: पाणी कमी ठिकाणी उरतं आणि सगळे तिथे येतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाऊस असतो, पण न्गुलियाच्या टेकडीवर त्या दिवसांत रात्रीच्या धुक्यात युरोप-आशियातून आलेले हजारो स्थलांतरित पक्षी दिव्यांकडे ओढले जातात. १९६९ पासून तिथे त्यांच्या पायांत कडी घालून अभ्यास चालू आहे. पक्ष्यांची आवड असणाऱ्याने तेच दिवस निवडावेत. मसाई मारासारखी अपेक्षा मात्र ठेवू नका. तिथे मोकळं गवताळ माळरान आहे, इथे झुडपांचं रान आहे. प्राणी आहेत, पण त्यांना लपायला जागा आहे.

एकच दिवस हातात असेल तर सकाळी सहाला गेट उघडताच आत शिरा. ऊन चढायच्या आत शेतानी आणि चाइमू उरका, दुपारी झाडाखाली थांबा, आणि तीननंतरचा सगळा वेळ मझिमाला द्या. तिथे वरच्या तळ्यापाशी, जिथे पाणी दगडाखालून पहिल्यांदा वर येतं, तिथे थोडा वेळ शांत उभे राहा. आवाज फारसा येत नाही. तळाची वाळू मात्र एका जागी उकळल्यासारखी हलत असते. पुढे दोनेक किलोमीटरवर हा प्रवाह पुन्हा एका लाव्ह्याच्या बांधाला अडतो आणि जमिनीखाली जातो. तिथवर पायी जाऊ देत नाहीत, आणि सहाच्या आत गेटबाहेर पडायचं असतं.